मासा ओळखला की होडी?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यासमोर हायडा ग्वाय नावाची बेटं आहेत. ही बेटं आणि मुख्य किनारा यांच्यामध्ये समुद्राचा एक उथळ पट्टा आहे, त्याचं नाव हेकेट सामुद्रधुनी. तिथल्या तळाशी डंजनेस जातीचे खेकडे राहतात. चांगले गलेलठ्ठ आणि बाजारात भाव खाणारे! त्यांना पकडायची रीत मात्र अगदी साधी. पिंजऱ्यात आमिष ठेवायचं, पिंजरा तळाला सोडायचा, दोराचं वरचं टोक बोयाला बांधायचं आणि चालू पडायचं. बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण. काही दिवसांनी परत यायचं, बोया शोधायचा, दोर ओढायचा. खेकडे हजर.

आता जरा चोराच्या डोक्यानं विचार करा. समुद्रात ना कुंपण, ना कुलूप, ना कुत्रा. दुसऱ्याचा बोया दिसला, आजूबाजूला कुणी नाही, ओढला दोर! खेकडे आपल्या होडीत, रिकामा पिंजरा पुन्हा पाण्यात. खेकड्यांवर काही मालकाचं नाव लिहिलेलं नसतं.

हे इतकं वाढलं की तिथले खेकडेवाले वैतागले. मग १९९९ साली त्यांनी एक युक्ती केली. प्रत्येक होडीवर कॅमेरा बसवला. होडी कुठे आहे हे सांगणारं जीपीएस यंत्र बसवलं. दोर ओढणारं चाक फिरलं की नोंद करणारा सेन्सर बसवला आणि प्रत्येकाच्या बोयात एक छोटी चिप घातली. बोया वर आला की ती चिप यंत्रासमोर धरायची. चाक फिरलं पण चिप काही बोलली नाही, किंवा बोलली ती शेजाऱ्याच्या नावानं, की चोरी उघड! गंमत म्हणजे हे कॅमेरे सरकारनं जबरदस्तीनं बसवले नव्हते. मच्छीमारांनी ते स्वतःहून मागितले होते.

पुढे २००६ पासून कॅनडाच्या त्याच किनाऱ्यावर तळाजवळचे मासे पकडणाऱ्या होड्यांनाही हा पहारा लागू झाला. तिथली पद्धत मला फार आवडते. होडीचा तांडेल आपल्या वहीत लिहितो की आज अमुक जातीचे इतके मासे मिळाले, इतके परत पाण्यात टाकले. कॅमेरा सगळं टिपत असतो. पण ते सगळं चित्रण बघत बसायला वेळ कुणाला आहे? म्हणून त्यातला साधारण १० टक्के भाग चिठ्ठ्या टाकल्यासारखा कुठूनही उचलायचा आणि वहीशी ताडून बघायचा. जुळला, तर अख्खी वही खरी मानायची. नाही जुळला, तर सगळं चित्रण तपासायचं आणि त्याचा खर्च तांडेलाकडून वसूल करायचा. तुमच्या बाई अचानक पाचच वह्या मागतात आणि त्या भीतीनं अख्खा वर्ग गृहपाठ करून येतो ना, तेच हे.

पण एवढी मोजामोज कशाला? समुद्रात मासे किती उरलेत, हे बुडी मारून मोजता येत नाही. किती पकडले गेले त्यावरून अंदाज बांधावा लागतो. शिवाय जाळ्यात आणि गळाला नको असलेलं खूप काही लागतं. शार्क, कासवं, डॉल्फिन, आमिषावर झेप घेणारे अल्बट्रॉस पक्षी. ते परत पाण्यात जातात, कधी जिवंत, कधी मेलेले. त्यांची नोंद झाली नाही तर त्यांच्यावर काय वेळ आलीय हे कुणालाच कळणार नाही. न्यूझीलंडमध्ये मासेमारीच्या बोटींवर कॅमेरे बसू लागले तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. कॅमेरे लागलेल्या बोटींच्या वह्यांमध्ये अडकलेल्या अल्बट्रॉसची संख्या जवळजवळ साडेतीन पट झाली आणि डॉल्फिनची जवळजवळ सात पट! रातोरात समुद्रातले डॉल्फिन वाढले होते का? छे! ओळखा बरं काय वाढलं होतं.

आता आपण पॅसिफिक महासागराच्या पश्चिम आणि मधल्या भागात जाऊ. पलाऊ, मायक्रोनेशिया, मार्शल बेटं, सॉलोमन बेटं असे चिमुकले देश इथे निळ्या पाण्यात विखुरलेले आहेत. जगातल्या निम्म्याहून जास्त ट्यूना या भागात पकडला जातो. ट्यूना म्हणजे आपल्या कोकणातल्या कुप्याचे भाऊबंद. इथल्या कितीतरी बोटी जाळं न टाकता एक लांबलचक दोर सोडतात. किती लांब? कधी कधी १०० किलोमीटर! मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून लोकलनं कर्जत गाठायचं, साधारण तेवढा. त्या दोराला ठरावीक अंतरावर गळ लावलेले असतात, दोन-तीन हजार.

हा दोर ओढायलाच दिवसाचे कितीतरी तास लागतात. बोटीवर निरीक्षक असला तर तो उभा राहून प्रत्येक मासा लिहून घेतो. पण निरीक्षक महिनोन्‌महिने घरापासून लांब, अनोळखी लोकांमध्ये, डोलणाऱ्या बोटीवर राहणार. कामही धोक्याचं. म्हणून अशा लांब दोराच्या बोटींसाठी तिथला नियम आहे तो फक्त ५ टक्के मासेमारीवर निरीक्षक असावा असा. उरलेल्या ९५ टक्क्यांचं काय? लावा कॅमेरे!

लावले. आता हिशेब करा. समजा एक बोट २० दिवस मासे पकडते आणि रोज १० तास दोर ओढते. झाले २०० तास. बोटीवर तीन कॅमेरे असतील तर ६०० तासांचं चित्रण. तुम्ही रोज शाळेत पाच तास बसता असं धरलं, तर हे चित्रण बघायला १२० दिवसांची शाळा लागेल. तीही एकाच बोटीच्या एकाच फेरीसाठी! त्यातला बराचसा वेळ पडद्यावर काहीच घडत नाही. खलाशी उभा आहे, दोर येतोय, रिकामा गळ, रिकामा गळ, लाट, रिकामा गळ... झोप लागली ना? मलाही हे लिहिताना जांभई आली.

म्हणून लोकांच्या मनात आलं, की हे काम संगणकाला शिकवलं तर?

पण संगणकाला डोळे नसतात. घरच्या मोबाइलमध्ये एखादा फोटो उघडा आणि मोठा, मोठा, आणखी मोठा करत जा. शेवटी काय दिसतं? रंगीत चौकोन. प्रत्येक चौकोन म्हणजे तीन आकडे. लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. फोटो १,२८० चौकोन रुंद आणि ७२० चौकोन उंच असेल, तर एका फोटोत साडेसत्तावीस लाखांहून जास्त आकडे भरतात. संगणकाला मासा दिसत नाही, ही आकड्यांची चटई दिसते.

त्या चटईवरून तो एक इवलीशी खिडकी सरकवत जातो. समजा तीन चौकोन रुंद, तीन चौकोन उंच. खिडकीत डावीकडे लहान आकडे म्हणजे काळोख, आणि उजवीकडे मोठे आकडे म्हणजे उजेड. याचा अर्थ इथे कशाची तरी कड आहे. अशा वेगवेगळ्या खिडक्या असतात. एक आडवी कड शोधते, एक तिरपी, एक ठिपके. मग त्या खिडक्यांनी शोधलेल्या कडांवरून दुसऱ्या खिडक्या फिरतात आणि कडा जोडून वळणं शोधतात. वळणांवरून तिसऱ्या फिरतात. असे थरावर थर. वरच्या थरांपर्यंत पोचेस्तोवर डोळ्यासारखं गोल, परासारखं टोकदार, शेपटीसारखं दुभागलेलं असं काहीतरी हाती लागतं.

कुठल्या खिडकीनं काय शोधायचं हे कुणी सांगत नाही, बरं का! ते संगणक स्वतः शिकतो. कॅरम खेळताना तुम्ही शिकता तसं. स्ट्रायकर मारला, सोंगटी भोकाच्या जरा डावीकडे गेली. पुढच्या वेळी बोट जरा उजवीकडे. पुन्हा मारला, आता जरा जास्तच उजवीकडे. पुन्हा थोडं डावीकडे. संगणकाला फोटो दाखवायचा आणि विचारायचं, हा कुठला मासा? तो ठोकून देतो, शार्क. नाही रे, ट्यूना. मग तो आपले हजारो-लाखो आकडे किंचित-किंचित हलवतो आणि पुढच्या फोटोकडे वळतो. कंटाळा हा शब्द त्याच्या कोशात नाही, ही त्याची खरी ताकद.

नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘द नेचर कन्झर्व्हन्सी’ या संस्थेनं याची एक स्पर्धाच लावली. ‘कॅगल’ नावाच्या संकेतस्थळावर जगभरातले संगणकवाले अशी कोडी सोडवायला जमतात. बक्षीस होतं दीड लाख डॉलर. बोटींवरच्या कॅमेऱ्यांनी काढलेले ३,७७७ फोटो अभ्यासाला दिले होते आणि प्रत्येक फोटो आठपैकी एका खणात टाकायचा होता. अल्बाकोर ट्यूना, यलोफिन ट्यूना, बिगआय ट्यूना, माहीमाही, ओपा, शार्क, इतर मासे, आणि आठवा खण ‘मासाच नाही’.

या पाहुण्यांची ओळख करून देतो. अल्बाकोरचे बाजूचे पर तलवारीसारखे लांबच लांब. यलोफिनचे पर पिवळे. बिगआयचे डोळे मोठे, नाव उगाच नाही ठेवलेलं. माहीमाही पाण्यात निळा-हिरवा-सोनेरी झळाळत असतो, पण डेकवर आला की थोड्याच वेळात फिका पडतो. म्हणजे रंगावर विसंबणारा संगणक इथे आपटणार! आणि ओपा माझा लाडका. थाळीसारखा गोल, अंगावर पांढरे ठिपके, पर लालचुटूक. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की या माशाचं रक्त सगळ्या शरीरभर गरम असतं. असा हा पहिलाच मासा सापडला! बाजूचे पर तो पंखांसारखे सतत हलवत राहतो, त्या हालचालीतून ऊब तयार होते आणि थंड, खोल पाण्यातही त्याचं अंग आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम राहतं. स्वेटर घालून फिरणारा मासाच म्हणा ना.

पण या ३,७७७ फोटोंमध्ये एक गोची होती. त्यातले १,७१९ फोटो एकट्या अल्बाकोरचे आणि ओपाचे फक्त ६७. मग एखादा लबाड संगणक काय करील? फोटोकडे न बघताच दरवेळी म्हणेल, ‘अल्बाकोर!’ आणि १०० पैकी ४५ वेळा बरोबर येईल! तुमच्या वर्गातही असा कुणीतरी असेलच, पर्यायी उत्तरांच्या पेपरात सगळीकडे ‘ब’वर खूण करून येणारा. म्हणून स्पर्धेत गुण द्यायची पद्धत हुशारीची ठेवली होती. नुसतं नाव सांगायचं नाही, तुझी खात्री किती तेही सांग. पूर्ण खात्री आहे म्हणालास आणि चुकलास तर जबर दंड.

दोन हजारांहून जास्त संघ उतरले आणि थोड्याच दिवसांत कितीतरी जणांचे संगणक झकास उत्तरं देऊ लागले. इतकी झकास, की अनुभवी लोकांना शंकाच आली. हा खरंच मासे ओळखतोय?

त्याचं उत्तर सांगण्याआधी माझीच एक फजिती सांगतो. माझं लहानपण मालवणला गेलं. आजी मला बाजारात धाडायची, इसवण आणायला. सुरमईला आमच्याकडे इसवण म्हणतात. मी ऐटीत जायचो. कोपऱ्यात निळ्या टोपलीसमोर एक मावशी बसायच्या, तिथून मासा घ्यायचा, पैसे द्यायचे, घरी. महिनाभर एकदाही चूक नाही. मला वाटू लागलं, आपल्याला मासे कळायला लागले. एके दिवशी असाच गेलो, निळ्या टोपलीतून मासा उचलला आणि घरी आलो. आजीनं पिशवी उघडली आणि कपाळावर हात मारला. ‘‘मेल्या, हो कुपो हाडलंस तू!’’

त्या दिवशी मावशींच्या टोपलीत इसवण नव्हतीच. कुपे होते. इतके दिवस मी ओळखत होतो तो मासा नव्हताच. मी ओळखत होतो निळी टोपली!

संगणकांनी अगदी हेच केलं होतं. सगळे फोटो मोजक्याच बोटींवरचे होते. कॅमेरा एकाच जागी घट्ट बसवलेला. त्यामुळे एका बोटीच्या सगळ्या फोटोंत तोच कठडा, तेच पिंप, तीच डेकची फळी. आणि एका बोटीला एका जातीचे मासे जास्त मिळालेले. मग मासा कशाला बघायचा? फोटोत मासा असतो केवढा, एका कोपऱ्यात, तोही खलाशाच्या पायांमागे अर्धा झाकलेला. बोट मात्र फोटोभर पसरलेली. संगणकानं सोपी वाट धरली. ही बोट दिसली, म्हण अल्बाकोर. ती दिसली, म्हण यलोफिन.

आयोजकही काही कच्चे नव्हते. स्पर्धेच्या दुसऱ्या टप्प्यात त्यांनी अशा बोटींचे फोटो दिले, ज्या कुणी आधी पाहिल्याच नव्हत्या. झालं! भल्याभल्यांची दांडी उडाली. निळी टोपली बदलली होती ना.

ज्यांना हा धोका आधीच कळला होता त्यांनी काय केलं? त्यांनी कामाचे दोन तुकडे केले. आधी एका संगणकाला एवढंच शिकवायचं, की फोटोत मासा कुठे आहे ते दाखव, त्याच्याभोवती चौकट काढ. मग तेवढाच तुकडा कापून दुसऱ्याला द्यायचा आणि विचारायचं, हा कोण? कापलेल्या तुकड्यात बोट जवळजवळ उरतच नाही, मग कशावरून फसणार? पण पहिल्याला शिकवायला शेकडो फोटोंवर हातानं चौकटी काढाव्या लागल्या. स्पर्धकांनीच त्या काढल्या आणि एकमेकांना देऊनही टाकल्या. बक्षीस एवढं मोठं असताना हा दिलदारपणा, मला याचं फार कौतुक वाटतं.

मासा ओळखला तरी तो मोजायचा असतो, आणि मोजणं ही निराळीच डोकेदुखी. चित्रफितीत एका सेकंदाला साधारण ३० चित्रं असतात. मासा चार सेकंद डेकवर दिसला तर १२० चित्रांत तो असणार. संगणक म्हणेल, १२० मासे! म्हणून त्याला शिकवावं लागतं की मागच्या चित्रात मासा इथे होता, आता दोन बोटं उजवीकडे सरकलाय, म्हणजे तो तोच. तेवढ्यात खलाशाचा हात मध्ये येतो. मासा गायब. हात बाजूला होतो. हा जुनाच की नवा? शिवाय भिंगावर खारं पाणी उडतं, वाळून त्याचा पांढरा थर बसतो, दुपारी ओल्या डेकवर ऊन चमकतं. आपल्या वर्गातल्या सीसीटीव्हीचं जिणं त्यामानानं सुखाचं म्हणायचं!

म्हणून अशा संगणकाला शेवटचा निवाडा करायला लावत नाहीत. तो फक्त म्हणतो, या ६०० तासांत इथे, इथे आणि इथे काहीतरी डेकवर आलं, तेवढं बघा. माणूस मग तेवढंच बघतो. खलाशांना हे कॅमेरे आवडतात का? बहुतेकांना नाही. दिवसभर राबताना, जेवताना, दमून बसताना कुणी वरून बघत असेल तर तुम्हाला तरी आवडेल? त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. म्हणून कॅमेरा मासे येतात त्या जागेवर रोखलेला असावा आणि चित्रण कुणी बघायचं ते आधी ठरलेलं असावं, असा त्यांचा आग्रह असतो.

ज्या बोटींवर कॅमेराच नाही, त्यांच्यावर आकाशातून नजर ठेवतात. युरोपचे सेंटिनेल-१ उपग्रह जवळजवळ ७०० किलोमीटर उंचीवरून रडारच्या लहरी सोडतात. त्यांना ढगही आडवे येत नाहीत आणि रात्रही. पाण्यावरचं लोखंडी जहाज त्यात ठिपक्यासारखं उजळून दिसतं. तो ठिपका जहाज आहे की खडक, हेही पुन्हा असाच शिकलेला संगणक सांगतो. ‘ग्लोबल फिशिंग वॉच’ या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ ते २०२१ ची अशी चित्रं तपासली. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी सांगितलं की मासेमारीच्या मोठ्या जहाजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जहाजं आपला ठावठिकाणा उघडपणे कळवतच नाहीत. ती सगळी चोर असतात असं नाही हं, कारण कळवण्याची सक्ती सगळीकडे नाही. पण नकाशा तीन चतुर्थांश कोरा होता, हे तर खरं. माकूल, म्हणजे स्क्विड, पकडणारी जहाजं तर स्वतःच आपला पत्ता सांगतात. रात्री माकूल उजेडाकडे येतात, म्हणून ही जहाजं प्रखर दिव्यांच्या माळा लावतात आणि त्यांचा उजेड थेट अवकाशातून दिसतो. उत्तर कोरियाच्या पाण्यात २०१७ साली ९०० हून जास्त चिनी जहाजं गुपचूप मासेमारी करत होती, ती शोधताना रडारबरोबर हा उजेडही कामी आला. आपल्याकडेही एलईडी दिव्यांच्या मासेमारीला २०१७ पासून बंदी आहे आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जानेवारी २०२५ पासून ड्रोन घिरट्या घालू लागले आहेत.

आता एक कोडं. छोटा बिगआय आणि छोटा यलोफिन शेजारी-शेजारी ठेवले, तर जाणकार माणसंही गोंधळतात. ना डोळ्यांत फारसा फरक, ना परांत. मग ते काय करतात? मासा चिरून त्याचं यकृत बघतात. बिगआयच्या यकृतावर बारीक रेघा असतात, यलोफिनचं यकृत गुळगुळीत. बोटीवरचा कॅमेरा माशाच्या पोटात कसा डोकावणार? बघा तुम्हाला काही युक्ती सुचते का.

परवा मालवणला गेलो होतो. कोपऱ्यात आता मावशींची सून बसते, टोपलीही निळी नाही. मावशी मागे खुर्चीवर होत्या. मी त्यांना ही सगळी कथा सांगितली आणि मोबाइलवर ओपाचा फोटो दाखवला. आता या ‘वा!’ म्हणतील, संगणक एवढं कसं शिकतो ते विचारतील, अशी माझी समजूत. मावशींनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, परत लांब धरला. गोल अंग बघितलं, ठिपके बघितले, लाल पर बघितले.

‘‘रे झिला,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ह्येचा सार कसा लागता?’’